डावीकडचा सलाम

मान अडकली ती उजवा सलाम झाल्यावर आणि डावा व्हायच्या आत. अडकायला दिवसभरात जागा कमी नव्हत्या. जिना होता, आंघोळ होती, बसमध्ये खिडकी पकडायची घाई होती, एक्सरेच्या टेबलावर सरकवायचे नव्वद किलोचे पेशंट होते. ते सगळं सोडून मानेनं नेमकी ही चिंचोळी फट निवडली. दुपारची नमाज संपत आली होती. रांगेतले सगळे गुडघे मुडपून बसले होते. इमामसाहेबांच्या आवाजामागोमाग सगळ्या माना उजवीकडे वळल्या, तुमच्यावर शांती असो असं उजवीकडच्या माणसांना आणि फरिश्त्यांना सांगून झालं, मग सगळ्या माना टेबलफॅनसारख्या डावीकडे निघाल्या, आणि धाकट्याची मान मध्यावर येऊन थांबली. आतून टक् असा आवाज आला, इतका स्वच्छ की त्याला वाटलं कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण तुटलं. समोर भिंत होती. भिंतीवर घड्याळ होतं. एक वाजून बेचाळीस. डाव्या हाताला, खांद्याला खांदा लावून, त्याचा थोरला भाऊ बसला होता. त्याच्याशी तो अकरा वर्षं एक शब्द बोलला नव्हता, आणि त्याला तो रोज, फक्त याच क्षणाला, सलाम करत आला होता.

लहानपणी अब्बा दोघांना दोन बाजूंना घेऊन उभे राहायचे. थोरला डावीकडे, धाकटा उजवीकडे, मध्ये अब्बा, म्हणजे भांडण नाही. अब्बा गेले तेव्हा मधली जागा रिकामी झाली. पण रांगेत फट ठेवायची नसते. इमामसाहेब रोज मागे वळून सांगतात, खांद्याला खांदा लावा, सरका. दोघं सरकले. सरकून दीड महिनाही झाला नव्हता तेव्हा त्यांचं बोलणं बंद झालं. थोरल्याचं काचा-फ्रेमांचं दुकान मशिदीच्या गल्लीत, धाकटा एक्सरे काढायचा ते रुग्णालय तीन मिनिटांवर, त्यामुळे दुपारची आणि त्यानंतरची अशा दोन नमाजा रोज इथंच व्हायच्या. दुसरीकडे उभं राहणं म्हणजे भांडण आहे हे चारचौघांत मान्य करणं, आणि ते मान्य करायला दोघांपैकी एकानं तरी बोलायला हवं होतं. तेव्हा अकरा वर्षं ते एकमेकांना असे चिकटून उभे राहिले की सख्ख्या भावांनी शिकावं.

भांडण फोटोवरून झालं. अब्बांचा घरात एकच फोटो होता आणि तोही बिघडलेला. फोटोवाल्यानं बटण दाबता दाबता सलाम केला आणि अब्बांनी त्याला उत्तर दिलं, म्हणून फोटोत सगळे अब्बा ठीकठाक आणि ओठ तेवढे पुसलेले. अम्मी म्हणायची, नशीब, शिंकले नाहीत. सलामाच्या बाबतीत अब्बा हावरट होते. पोरं शाळेतून येऊन दारात सलाम करायची, तर ते नुसते ओठ हलवायचे, आवाज नाही. ऐकू गेलं नसेल म्हणून पोरं पुन्हा करायची. पुन्हा नुसते ओठ. तिसऱ्यांदा पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली की अब्बा शांतपणे मोठ्यानं उत्तर द्यायचे आणि म्हणायचे, 'तीन दुवा मिळाल्या. एका उत्तरात.' थोरल्याला हे भयंकर आवडायचं. धाकट्याला लहानपणी यात फसवणूक दिसायची. पुढे थोरला दीनाकडे, धर्माकडे वळला. वळला म्हणजे नीटच वळला, कुणाला त्रास नाही, शिकवणी नाही. फक्त दुकानात माणसांचे फोटो फ्रेम करणं बंद केलं, ज्यात निम्मा धंदा होता. कुराणातल्या आयती, प्रमाणपत्रं, आरसे एवढंच. अब्बा गेल्यावर चाळिसाव्या दिवशी धाकटा घरी आला तर भिंतीवरच्या त्याच फ्रेममध्ये नमाजेच्या वेळांचं छापील वेळापत्रक. फोटो कुठाय विचारलं. थोरला म्हणाला, 'ज्या घरात तसबीर असते तिथं रहमतचे फरिश्ते येत नाहीत. अब्बांसाठी एवढं कुराण वाचतोय आपण, ते पोचायला नको?' फोटो कुठाय, असं धाकट्यानं पुन्हा विचारलं. फाडून वाहत्या पाण्यात सोडला होता. 'आणि फ्रेम?' 'फ्रेम चांगली होती.' धाकटा तेव्हा जे बोलला त्यात शिवी एकच होती, पण ती थोरल्याला नव्हती, फरिश्त्यांना होती. तिथून दोघांनी तोंडात गुळणी धरली.

तीन दिवसांपेक्षा जास्त भावानं भावाशी अबोला धरणं जायज नाही, आणि दोघांत चांगला तो, जो आधी सलाम करतो. हे दोघांनाही पाठ होतं. म्हणून चौथ्या दिवशी धाकट्यानं इमामसाहेबांना गाठून विचारलं की नमाजेच्या शेवटी आपण बाजूच्याला सलाम करतो, बाजूला भाऊ असेल, तर तो धरतात का? इमामसाहेब नमाजेआधीचे हातपाय धूत, वजू करत होते. कोपरावरून पाणी ओघळू देत ते म्हणाले, 'धरतात असं मी म्हणत नाही, धरत नाहीत असंही म्हणत नाही. भाऊ बाहेर चपला शोधतोय. जा, तिथं कर, म्हणजे प्रश्नच मिटला.' धाकट्यानं यातलं पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं तिथंच ठेवलं. अम्मी होती तोवर दर शुक्रवारी विचारायची, भावाला सलाम केलास? तो म्हणायचा, केला. यात खोटं काहीच नव्हतं. ती याच समाधानात गेली.

फक्त एक गोष्ट त्याला पहिल्या वर्षीच कळली होती आणि ती त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. रांग आधी उजवीकडे वळते, मग डावीकडे. सगळे एकदम. म्हणजे डावीकडे बसलेला थोरला जेव्हा उजवीकडे वळून त्याला सलाम करायचा, तेव्हा धाकटा स्वतः उजवीकडे वळलेला असायचा. आणि धाकटा डावीकडे वळून त्याला सलाम करायचा तेव्हा थोरला पलीकडे वळलेला. अकरा वर्षं तो भावाच्या कानामागच्या भागावर शांती पाठवत होता. त्या भागाची त्याला बारीक माहिती होती. एक तीळ. टोपीचा वळ. दर दोन महिन्यांनी न्हाव्यानं सोडलेली तीच एक बट. केस पांढरे झाले ते आधी तिथं झाले. शिवाय हिशेब मांडला तर थोरल्याचा सलाम नेहमी आधी पडायचा आणि याचा नंतर, म्हणजे दोघांत चांगला थोरला, हे रोज दोनदा ठरत होतं, निव्वळ बसण्याच्या जागेमुळे. कितीदा वाटलं, जागा बदलावी. पण जागा बदलायची तर 'जरा सरक' म्हणावं लागलं असतं.

आणि आज भावाचा सलाम येऊन पडला होता आणि याचा गेला नव्हता. सलाम करणं ऐच्छिक, उत्तर देणं बंधनकारक. हेही पाठ होतं. थोरला उठला. उठताना दोनदा खोकला. किंचित थांबलाही असावा, पण ते बघायला मान वळायला हवी होती. नमाज झाली, मान वळली नाही तरी शब्द उच्चारले की झाली, असं इमामसाहेबांनी लगेच सांगितलं. धाकट्याला ते पटलं आणि पोचलं नाही. त्याला वाटत राहिलं की आपली नमाज अजून संपलेलीच नाही, आपण मशिदीबाहेर आलो, रस्ता ओलांडला, एक्सरेच्या खोलीत शिरलो, शिशाचा जाड एप्रन चढवला, पण आहोत अजून नमाजेत. नमाजेत माणूस हसत नाही. इकडेतिकडे बघत नाही. बोलत तर नाहीच. हे तसं सोयीचं होतं. संध्याकाळपर्यंत त्यानं अठ्ठावीस माणसांना श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा एवढंच सांगितलं, आणि ते पढल्यासारखंच सांगितलं. शेवटी स्वतःच्या मानेचा एक्सरे काढून घेतला. हाडांच्या डॉक्टरनं तो उजेडावर धरला. म्हणाला, 'मणके शाळेतल्या हुशार पोरांसारखे ओळीनं उभे आहेत. कुणाशी भांडण वगैरे?'

'नाही.'

'मग उशी बदला. आणि हा पट्टा घाला गळ्याला.'

'उशी बदला,' बायको घरी म्हणाली. 'बरोबर आहे. भाऊ बदलून मिळत नाही, उशी मिळते.' तिचं आणि थोरल्या जावेचं छान होतं. वाट्या इकडून तिकडे जायच्या, मुलं एकमेकांकडे अभ्यासाला, आजारपणं, कपडे, सगळं. दोन घरांमध्ये फक्त दोन माणसांत बोलणं नव्हतं आणि सगळ्यांनी ते घरातल्या गळक्या नळासारखं अंगवळणी पाडून घेतलं होतं. 'मान नाही वळत ना,' ती गरम पाण्याची पिशवी त्याच्या मानेवर दाबत म्हणाली, 'मग अख्खे वळा. माणसं वळतात.' तो म्हणाला, 'बघू.' पिशवी फार गरम होती. त्यानं तेही सांगितलं नाही.

पट्टा बांधून, जिराफानं नमाज पढावी तसा, तो आठ दिवस रांगेत भावाच्या उजवीकडे उभा राहिला. आठ दिवस उजवा सलाम झाला आणि डावा भिंतीवरच्या घड्याळाला गेला. भावाला काय वाटत असेल? मुद्दाम करतोय असं? तेवढीही शांती आता द्यायची नाही असं? पट्टा दिसतोय की त्याला. पण पट्टा काय, माणूस रागानंही बांधू शकतो. नवव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, त्यानं टोकन पुकारलं, सतरा, आणि दार ढकलून थोरला आत आला. हातातल्या कागदावर लिहिलं होतं, छाती, तीन महिने खोकला. आठवडाभर धाकटा नुसता तो खोकला डाव्या कानानं ऐकत होता आणि मनात म्हणत होता, मुद्दाम खोकतोय.

दोघं उभे राहिले. कुणी तरी काही तरी म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणायची सोय, देवाची कृपा, नोकरीतच होती.

'सदरा काढा. गळ्यात काही असेल तर काढा.'

'काही नाही.'

'तोंड तिकडे. छाती पाटीला लावा. हनुवटी वर. हात कमरेवर, कोपरं पुढे.'

छातीचा एक्सरे पाठीकडून काढतात. म्हणजे पुन्हा तेच, कानामागचा भाग. तीळ. बट. फक्त खाली आता उघडी पाठ होती, आणि ती अब्बांची होती. शेवटच्या आजारात दोघं मिळून जी पाठ पुसायचे तीच, मणके मोजता येतील अशी, फक्त ती सत्तरीची होती आणि ही बावन्नची. कोपरं पुढे येत नव्हती. नियमाप्रमाणे धाकट्यानं दोन्ही खांदे धरून पुढे ढकलले. खांदा रोज लागायचा, पण खांद्यानं, हातानं नाही. तळवे गार होते म्हणून थोरला शहारला. मग धाकटा जाड काचेमागे गेला.

'श्वास घ्या. धरून ठेवा.'

बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं. पडद्यावर भावाचं आतलं चित्र उमटलं. एक्सरेत हवा काळी आणि आजार पांढरा दिसतो. उजवीकडे वर, गळपट्टीच्या हाडाखाली, लिंबाएवढं पांढरं होतं, कडा कुरतडलेल्या. त्यानं अशी लिंबं खूप बघितली होती. रिपोर्ट डॉक्टर लिहितात, एक्सरेवाल्यानं पेशंटला काही सांगायचं नसतं, तोही नियमच. तो बघत राहिला. काही तरी राहून गेलंय असं वाटत होतं, आणि मग काचेतून त्याला भावाचा कान दिसला. लाल झाला होता. सोडा म्हणायचं राहिलं होतं. कुठलाही पेशंट चार सेकंदांत आपणहून सोडतो. थोरला सोडत नव्हता. धाकट्यानं धरायला सांगितलंय ना, मग धरणार. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. 'सोडा,' धाकटा म्हणाला. थोरला पाटीला धरून एवढा खोकला की बाहेरच्या बाकावरचे अठरा आणि एकोणीस नंबर उठून दारात आले.

सदऱ्याची बटणं लावून झाल्यावर थोरला दारापाशी थांबला. तोंड दाराकडेच.

'फोटो चांगला आला?' त्यानं विचारलं.

अकरा वर्षांनी. निम्मा धंदा सोडलेल्या माणसानं. त्याच्या आवाजात काय होतं ते धाकट्याला नीट कळलं. अब्बा तीन दुवा मिळाल्यावर बोलायचे तो आवाज होता. यावर हसायचं होतं, एवढंच काम होतं. नाही तर म्हणायचं होतं, ओठ पुसलेत. कितीही म्हणता आलं असतं.

'रिपोर्ट उद्या दुपारी काउंटरवर मिळेल,' तो म्हणाला.

'बरं,' थोरला म्हणाला, आणि गेला.

त्यानंतर थोरला रांगेत नव्हता. आधी रांगेच्या टोकाला खुर्ची टाकून बसू लागला, मग खुर्चीही दिसेना. रांगेतली फट बुजली. डावीकडे रोज वेगळा खांदा येऊ लागला, एकदा तर घामाच्या वासाचा. मानेत काही फरक नाही, पट्टाही तसाच. धाकट्याला आता रोज नमाजेतून बाहेर न पडताच घरी जायची सवय झाली होती. भावाच्या छातीचा फोटो त्यानं नियमाबाहेर जाऊन छापून घेतला आणि कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवला. भावाचा त्याच्याकडे असलेला तो एकुलता एक फोटो होता. त्याला चेहरा नव्हता, तेव्हा फरिश्त्यांची हरकत नसावी. बायको जावेकडून बातम्या आणायची. सुई टोचतात. जेवण जात नाही. केस गेले. कानामागची बट गेली असेल, त्याला वाटलं. 'जा की,' बायको म्हणायची, आधी चिडून, मग हळू, मग नुसतीच बघायची.

एका मंगळवारी दुपारी तो गेला. जिन्यात त्यानं चार वाक्यं जुळवली आणि दारात पोचेपर्यंत तीन गाळली. दार लोटलेलं होतं, आत पडदा. दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी बाहेरून सलाम करायचा. उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. तरीही नाही आलं तर मन खट्टू न करता परत जायचं. हे दोघांना अब्बांनी शिकवलं होतं. त्यानं पहिला सलाम केला. आवाज फारसा निघाला नाही. आत शांत. भिंतीपलीकडे कुठं तरी मिक्सर सुरू होता. दुसरा केला. आत पलंग करकरला, किंवा दुसऱ्या घरातला असेल. तिसरा करताना त्याच्या लक्षात आलं की आपण उत्तर येऊ नये अशी वाट बघतोय. केला. मोजून पाच श्वास थांबला आणि परत फिरला. आणि फिरताना, हे त्याला पुढे जन्मभर आठवणार होतं, त्याला हलकं वाटलं. परवानगी होती. नियमात बसत होतं. अर्ध्या जिन्यावर वरून खोकला ऐकू आला, बराच वेळ चाललेला. माणूस झोपेतही खोकतो, असं म्हणून तो उरलेल्या पायऱ्या उतरला.

त्या मंगळवारनंतर सोळाव्या दिवशी थोरला गेला. सकाळी. अंघोळ घालताना धाकट्यानं पाणी ओतलं. पट्ट्यामुळे त्याला खाली बघता येत नव्हतं, दुसऱ्यांनी इकडे, तिकडे सांगितलं तसं ओतत गेला. भाभीला भेटायला आतल्या दारापाशी गेला तेव्हा ती रडून झालेली होती आणि साधं बोलत होती.

'तू त्या दिवशी येऊन गेलास ना,' ती म्हणाली. 'मी औषधाला गेले होते. आल्यावर यांनी सांगितलं, धाकटा आला होता म्हणून.'

'झोपलेत असं वाटलं मला.'

'कसले झोपतात. म्हटलं, मग आत का नाही बोलावलं? तर म्हणाले, दिलं की मी उत्तर. दोनदा दिलं. हळूच, अब्बांसारखं. तिसऱ्याला मोठ्यानं देणार होतो, तर खोकला आला मेला.' तिनं पदरानं नाक पुसलं. 'हसत होते. म्हणाले, जाईल कुठं, येईल परत. तीन सलाम घेऊन ठेवलेत त्याच्याकडून.'

भिंतीवर, भाभीच्या डोक्यामागे, अब्बांची फ्रेम होती. आत नमाजेच्या वेळा. काच स्वच्छ पुसलेली होती, इतकी की तीत पट्टा बांधलेला एक माणूस दिसत होता.

जनाज्याची नमाज मशिदीच्या अंगणात झाली. ही नमाज उभ्यानंच पढतात. वाकणं नाही, कपाळ टेकणं नाही, कारण समोर माणूस ठेवलेला असतो. चार तकबीर, म्हणजे चारदा अल्लाहू अकबर, आणि सलाम, संपलं. त्याला पहिल्या रांगेत जागा दिली. त्याच्या डाव्या हाताला कोण होतं त्याला माहीत नाही. कुणी तरी सरकून फट बुजवली होती. उजवीकडे सलाम झाला. मग सगळ्या माना डावीकडे निघाल्या आणि त्याची मध्यावर येऊन थांबली, टक्. समोर भिंत नव्हती, घड्याळ नव्हतं. समोर, दोन हातांवर, पांढऱ्या कापडात भाऊ होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा मधे कान नव्हता. सबंध अंगणात तो एकटा सरळ बघत होता. त्यानं सलाम केला. रांगा मोडल्या, मागे चपला शोधायची गडबड सुरू झाली. त्यानं दुसऱ्यांदा केला. शेजारच्यानं बघितलं. मग तिसऱ्यांदा केला, बेंबीच्या देठापासून, शाळेतून आल्यासारखा, आणि अंगणातली गडबड थांबली. तिसऱ्यानंतर परत फिरायचं असतं. तो फिरला नाही. ओठांच्या जागी कापड सपाट होतं. तो बघत राहिला, कारण अब्बांच्या वेळी सुरुवातीला काहीच हलायचं नाही.

'चला,' इमामसाहेब हलकेच म्हणाले. 'खांदा द्या.'

त्याला जनाज्याचा पुढचा उजवा दांडा मिळाला. उजवा दांडा डाव्या खांद्यावर येतो, म्हणजे भाऊ पुन्हा त्याच्या डाव्या हाताला आला, खांद्याला लागून, आणि मान काही वळत नव्हती. चौघांनी उचललं. वजन अगदीच कमी होतं.

'धरलं सगळ्यांनी?' मागून काचदुकानाच्या शेजारचा शिंपी म्हणाला. 'धरून ठेवा.'

धाकट्यानं छातीभर श्वास घेतला आणि धरून ठेवला. फाटक गेलं, गल्ली गेली, कुलूप लावलेलं दुकान गेलं. कान तापले. पुढचा शब्द कुणी तरी म्हणेल म्हणून तो चालत राहिला.